अपवादालाही नियम हवा

९ सप्टेंबर २०१७ रोजी चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीतून लेफ्टनंट स्वाती महाडिक भारतीय सैन्यात दाखल झाल्या, तेव्हा महाराष्ट्रातील घराघरांत त्यांचे गणवेशातील छायाचित्र कौतुकाने पाहिले गेले. दोन वर्षांपूर्वी, १७ नोव्हेंबर २०१५ रोजी, काश्मीरच्या कुपवाडा जिल्ह्यात दहशतवाद्यांशी लढताना कर्नल संतोष महाडिक यांना वीरमरण आले होते. सातारा जिल्ह्यातील पोगरवाडीचा हा सुपुत्र, साताऱ्याच्या सैनिक शाळेचा विद्यार्थी, ४१ राष्ट्रीय रायफल्सचा कमांडिंग ऑफिसर. पतीच्या चितेचा अग्नी शांत होतो न होतो तोच या वीरपत्नीने आपणही सैन्यात जाणार असल्याचा निर्धार बोलून दाखविला आणि तो तडीस नेला. या घटनेवर तेव्हा भरभरून लिहिले गेले. तथापि, त्या गणवेशापर्यंत पोहोचण्याआधी संरक्षण मंत्रालयात एक अर्ज गेला होता, त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. तो अर्ज वयाची अट शिथिल करण्यासंबंधीचा होता.

दोन मुलांची आई असलेल्या आणि शिक्षिका म्हणून काम केलेल्या स्वाती महाडिक यांचे वय अधिकारी भरतीच्या मर्यादेपलीकडे गेलेले होते. नियमाचे पुस्तक उघडून कोणीही कारकून ‘अपात्र’ असा शेरा मारून मोकळा झाला असता आणि त्याला कोणी दोषही देऊ शकले नसते. परंतु तत्कालीन लष्करप्रमुख जनरल दलबीरसिंग सुहाग यांनी शिफारस केली आणि तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी वयाची अट शिथिल करण्यास मान्यता दिली. गोव्यातील म्हापशाच्या शाखेत घडलेल्या या स्वयंसेवक मंत्र्याच्या निर्णयांत माणूस आणि नियम या दोहोंचे भान असे, याचे हे एक बोलके उदाहरण होय.

या निर्णयाचे स्वागत करून थांबणे सोपे आहे. त्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. लष्करी अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणासाठी ठरविलेली पात्रतेची अट कोणासाठी, कोणत्या कारणासाठी आणि कुठवर शिथिल करावी? आज एका वीरपत्नीला संवेदनशील मंत्री भेटला. उद्या भेटेलच असे नाही. शिवाय जी दारे एकाच्या सद्भावनेने उघडतात, ती दुसऱ्याच्या दबावानेही उघडू शकतात. म्हणूनच अपवादाचा विचार भावनेच्या भरात न करता तत्त्वाच्या आधारे करावयास हवा.

अटी का असतात?

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेश घेताना उमेदवाराचे वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे असावे लागते. संघ लोकसेवा आयोगाच्या संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेतून डेहराडूनच्या भारतीय सैनिकी प्रबोधिनीत जाणाऱ्यांसाठी ही मर्यादा चोविसाच्या आसपास, तर चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीसाठी पंचविसाच्या आसपास येते. तांत्रिक शाखांतील पदवीधरांना अल्पकालीन सेवेसाठी सत्ताविसापर्यंत मुभा आहे. हे आकडे कोणा बाबूच्या लहरीतून आलेले नाहीत. सैन्याची रचना पिरॅमिडसारखी असते, पायथ्याशी रुंद आणि शिखराशी अरुंद. लेफ्टनंट आणि कॅप्टन या पदांवरील अधिकारी जवानांच्या पुढे राहून डोंगर चढतो. त्याचे वय, त्याचा दम आणि त्याचे नेतृत्व ही एकाच वेळी कसाला लागतात. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर बटालियनचे नेतृत्व करणाऱ्या अधिकाऱ्यांचे वय कमी असावे, या विचाराने अजय विक्रम सिंह समितीची नेमणूक झाली, ती याच कारणासाठी. प्रवेशाचे वय वाढले की पुढची सारी साखळी वयस्क होत जाते, हे गणित सैन्याला दृष्टिआड करता येत नाही.

वैद्यकीय अटींचेही तसेच. प्रशिक्षणाच्या काळात शरीरावर पडणारा ताण घरी बसून कल्पना करण्याजोगा नसतो. धडधाकट म्हणून निवडलेले तरुण छात्रही प्रशिक्षणात गंभीर जखमी होतात आणि काहींना कायमचे अपंगत्व येऊन प्रबोधिनी सोडावी लागते. अशा छात्रांच्या उपेक्षेची दखल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून घेतली आणि त्याच महिन्यात त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ देण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. हा निर्णय उशिराचा असला तरी योग्य होता. पण त्यातून पालकांनी घ्यावयाचा बोध निराळा आहे. मुलाच्या गुडघ्यातील वा कण्यातील दोष लपवून त्याला या अग्निदिव्यात लोटणे हे प्रेम नव्हे. वैद्यकीय अट ही उमेदवाराच्या विरोधात उभी केलेली भिंत नसते. बऱ्याचदा ती त्याच्याच रक्षणासाठी असते, आणि त्याच्या हाताखालील तीस-चाळीस जवानांच्या रक्षणासाठी तर नेहमीच असते.

सवलतींचे तीन प्रकार

सैन्यात सवलतच नसते, असा एक समज समाजात आहे. ओळख असेल तर काहीही होते, असा दुसरा समज. दोन्ही समज चुकीचे आहेत. प्रत्यक्षात पात्रतेतील सवलतींचे तीन स्पष्ट प्रकार दिसतात.

पहिला प्रकार नियमातच लिहिलेल्या सवलतींचा. पुरुष उमेदवारासाठी किमान उंची १५७ सेंटिमीटर अशी अट आहे. मात्र गुरखा तसेच ईशान्येकडील डोंगराळ प्रदेश, उत्तराखंड आणि सिक्कीम येथील उमेदवारांसाठी ती १५२ सेंटिमीटर धरली जाते. शरीरावर कायमचे गोंदण असल्यास त्याच्या जागेविषयी कडक नियम आहेत, पण ज्या वनवासी समाजांत गोंदणे ही परंपरा आहे, त्यांच्या बाबतीत त्या परंपरेचा मान राखला जातो. राष्ट्रीय छात्रसेनेच्या विशेष प्रवेशासाठी ‘सी’ प्रमाणपत्र आवश्यक असते, परंतु रणांगणावर कामी आलेल्या वा जखमी झालेल्या सैनिकांच्या मुलांना त्या प्रमाणपत्राची अट नाही. सेवेत असताना मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या पत्नींसाठी वयाची मर्यादा ३५ वर्षांपर्यंत वाढविलेली आहे आणि त्यांना लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षाही द्यावी लागत नाही. या सवलतींसाठी कोणाच्या पाया पडावे लागत नाही. जाहिरात नीट वाचावी लागते, इतकेच.

दुसरा प्रकार दाद मागण्याचा. वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरविल्यावर ठरावीक मुदतीत अपील मंडळासमोर जाता येते. तेथेही निर्णय विरोधात गेला तर पुनर्विलोकन मंडळाची विनंती करता येते. मात्र ते मंडळ मिळणे हा उमेदवाराचा हक्क नसून प्रकरणाची गुणवत्ता पाहून ते दिले जाते. अनेक तरुण पहिल्याच ‘अपात्र’ शेऱ्याने खचून जातात आणि मुदत उलटू देतात. वास्तविक काही दोष तात्पुरते असतात, तर काही उपचाराने दूर होणारे असतात. येथे मागितली जाते ती दया नसून फेरतपासणी असते, आणि ती मागण्यात कसलाही कमीपणा नाही.

तिसरा प्रकार खास सवलतीचा. नियमात जिची तरतूद नाही, परंतु परिस्थिती अशी विलक्षण आहे की नियमकर्त्याने तिचा विचारच केला नसावा, अशा वेळी सक्षम अधिकाऱ्याने विवेकाने दिलेली सूट. स्वाती महाडिक यांना मिळालेली सवलत या प्रकारात मोडते. खरा प्रश्न उभा राहतो तो याच प्रकाराबाबत.

दोन कसोट्या

अशा खास सवलतीला दोन कसोट्या लावून पाहाव्यात. पहिली कसोटी अशी की, उमेदवाराची अट हुकली ती राष्ट्रकार्यामुळे किंवा शासनाच्याच निर्णयामुळे हुकली काय? दुसरी कसोटी अशी की, जी अट शिथिल होणार आहे, तिच्यावर सहकाऱ्यांचा जीव प्रत्यक्ष अवलंबून आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी असेल, तर सवलत न्याय्य ठरते. एरवी ती मेहेरबानी ठरते.

या कसोट्या इतर उदाहरणांना लावून पाहाव्यात. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हा अग्निवीरांसाठी कमाल वय २१ ठरविण्यात आले होते. आधीची दोन वर्षे महामारीमुळे भरतीच झाली नव्हती आणि त्या काळात पोरांचे वय मात्र वाढत गेले होते. शासनाने त्या वर्षापुरती मर्यादा २३ केली. ही भरती जवानांची होती, अधिकाऱ्यांची नव्हे, पण तत्त्व तेच. संधी हुकण्यास उमेदवार जबाबदार नव्हता आणि दोन वर्षांनी वाढलेल्या वयामुळे कोणाच्या जीवाला धोका होणार नव्हता. दोन्ही कसोट्यांना ती सवलत उतरते.

याउलट रंग ओळखण्याची क्षमता नसलेल्या तरुणाने वैमानिक होण्यासाठी सूट मागितली, तर त्याची तळमळ कितीही खरी असली तरी ती देता येणार नाही, कारण दुसरी कसोटी तेथेच आडवी येते. पंचवीस वर्षे उलटून गेलेल्या आणि आधी वेळ असूनही अर्ज न केलेल्या तरुणाला एखाद-दुसरे वर्ष वाढवून द्यावे काय? येथे पहिली कसोटी आडवी येते. त्याचे वय त्याच्या स्वतःच्या दिरंगाईने गेले. त्याच्या राष्ट्रभक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही, परंतु त्याच्याआधी वेळेवर अर्ज केलेल्या हजारोंवर अन्याय करून त्याला आत घेता येत नाही.

वीरपत्नीची गोष्ट मुळातच वेगळी आहे. वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तिला सैन्यात जावयाचे नव्हते. ती सैन्यात असलेल्या माणसाचा संसार सांभाळीत होती, त्याच्या बदल्यांमागून फिरत होती, तो सीमेवर असताना त्याच्या घराची आघाडी लढवीत होती. पतीने राष्ट्रासाठी प्राण दिले त्या क्षणी तिला ही हाक ऐकू आली. ती हाक आली तेव्हा वय निघून गेले होते, हा तिचा दोष कसा म्हणावा? मराठ्यांच्या इतिहासाला हे नवे नाही. १७०० साली छत्रपती राजाराम महाराजांच्या निधनानंतर महाराणी ताराबाईंनी औरंगजेबाविरुद्धच्या संग्रामाची सूत्रे हाती घेतली. सेनापती खंडेराव दाभाडे गेले, १७३१ साली डभईच्या लढाईत पुत्र त्र्यंबकराव पडले आणि त्यानंतर यशवंतरावांच्या नावे सेनापतिपदाचा कारभार उमाबाई दाभाड्यांनी सांभाळला. या स्त्रियांना त्यांचे वय कोणी विचारले नाही. कर्तृत्व मात्र काळाने तपासून घेतले.

सवलत उंबरठ्यापर्यंतच

येथे एक रास्त आक्षेप घेतला जातो. सैन्य ही सहानुभूती व्यक्त करण्याची जागा नाही. ज्या तुकडीचे नेतृत्व त्या अधिकाऱ्याकडे जाईल, त्या तुकडीतील जवानाला आपला अधिकारी कोणाची पत्नी आहे याच्याशी कर्तव्य नसते. तो सक्षम आहे की नाही, एवढेच त्याला हवे असते. हा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. त्याचे उत्तरही त्या प्रकरणातच आहे.

स्वाती महाडिक यांना सवलत मिळाली ती वयाची, केवळ वयाची. सेवा निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचण्या त्यांना इतर सर्वांप्रमाणेच द्याव्या लागल्या. वैद्यकीय तपासणी त्यांनाही चुकली नाही. चेन्नईच्या प्रबोधिनीत पहाटेच्या अंधारात धावणे, पाठीवर ओझे घेऊन मैलोन्‌मैल चालणे, दोरावर चढणे, शस्त्र हाताळणे हे सारे त्यांनी आपल्यापेक्षा कितीतरी लहान वयाच्या सहकाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून केले. दार उघडून देण्यापुरती ती सवलत होती. दाराच्या आत एक इंचही सूट नव्हती. त्यामुळे त्यांच्या खांद्यावरील ताऱ्यांची किंमत कोणाच्याही ताऱ्यांपेक्षा तसूभर कमी नाही. झाली तर थोडी अधिकच आहे.

याच वाटेने पुढे आणखी महाराष्ट्रकन्या गेल्या. मेजर प्रसाद महाडिक यांच्या पत्नी गौरी महाडिक मार्च २०२० मध्ये अधिकारी झाल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझ क्षेत्रात हुतात्मा झालेल्या मेजर कौस्तुभ राणे यांच्या पत्नी कनिका राणे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अधिकारी झाल्या. प्रत्येकीने निवड मंडळाची तीच पायरी चढली आणि प्रशिक्षणाची तीच भट्टी सोसली.

सैन्याचा हा बाणा इतरत्रही दिसतो. अधिकारी भरतीत जातीनिहाय आरक्षण नाही, तसेच जातीनिहाय वयाची सूटही नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेचे शुल्क माफ असते. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याची वाट पैशामुळे अडू नये, पण आत आल्यावर सर्वांना एकच मोजपट्टी, हा तो विचार. निवड मंडळासमोर उमेदवार छातीवर क्रमांक लावून उभा राहतो. मानसशास्त्रज्ञ, गटचाचणी अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघे त्याला स्वतंत्रपणे जोखतात. तेथे पाटील, कुलकर्णी, कांबळे वा गावित नसतो, असतो तो फक्त एक क्रमांक. जातिभेदविरहित समाजाचे जे चित्र आपल्या विचारधारेने पाहिले, त्याचे इतके जिवंत रूप अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल.

युद्धात पाय गमावूनही पायदळाच्या बटालियनचे नेतृत्व करणारे पहिले अधिकारी मेजर जनरल इयान कार्डोझो यांचे उदाहरणही याच मुद्द्यावर प्रकाश टाकते. १९७१ च्या युद्धात त्यांचा पाय गेला. सैन्याने त्यांना नेतृत्व दिले ते दयेपोटी नव्हे. लाकडी पायाने आपण धडधाकट अधिकाऱ्यांइतकेच चालू-चढू शकतो, हे त्यांनी आधी सिद्ध करून दाखविले. सवलत मागणाऱ्याची भाषा अशी असावी लागते. ‘मला यातून वगळा’ असे न म्हणता ‘मला तपासून पाहा’ असे म्हणण्याची हिंमत त्याच्या ठायी असली पाहिजे.

चिठ्ठीची सवय

दुर्दैवाने मध्यमवर्गीय समाजाला अर्ज आणि वशिला यांतील भेद पुसट करून टाकण्याची खोड जडली आहे. मुलगा वैद्यकीय तपासणीत अडकला की वडील प्रथम अपिलाची मुदत पाहत नाहीत. ओळखीचा आमदार कोण, निवृत्त कर्नल कोण, मंत्रालयात कोण, याचा शोध सुरू होतो. रेल्वेच्या आरक्षणापासून महाविद्यालयाच्या प्रवेशापर्यंत चिठ्ठीवर चालणाऱ्या समाजाला सैन्यही तसेच चालत असावे असे वाटते. ज्याने अधिकारी होऊन जवानांना शिस्त शिकवावयाची, त्याच्या आयुष्याची सुरुवातच बेशिस्तीने व्हावी, यासारखी विसंगती नाही. खास सवलतीच्या विनंतीत लपविण्यासारखे काही नसते. तिच्यात वस्तुस्थिती असते, कागदपत्रे असतात, कारण असते, आणि ती योग्य मार्गाने, योग्य मुदतीत, स्वतःच्या सहीने केली जाते. चिठ्ठीत यांतील काहीही नसते.

याच खोडीचे दुसरे रूप जन्मतारखेचे. महाराष्ट्रात एका विशिष्ट पिढीतील असंख्य लोकांचा वाढदिवस १ जून हा आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हावयाची, पोराला सहा वर्षे पूर्ण झालेली दाखवावयाची, म्हणून गुरुजींनी वा वडिलांनी सोयीने लिहिलेली ही तारीख. त्या काळी त्यात कोणाला वावगे वाटले नाही. परंतु आजही काही घरांत मूल वर्षभर लवकर शाळेत घालण्यासाठी कागदावर वय वाढविले जाते, आणि अठरा वर्षांनी हेच पोर संरक्षण प्रबोधिनीचा अर्ज भरावयास बसते तेव्हा खरे वय बसत असूनही कागदावरचे वय बसत नाही. लोकसेवा आयोग शालान्त प्रमाणपत्रावरील तारीखच ग्राह्य धरतो आणि एकदा दिलेली तारीख पुढे बदलून देत नाही. संरक्षण प्रबोधिनीच्या जाहिरातीत जन्मतारखेची सीमारेषा दिवसापर्यंत काटेकोर आखलेली असते. एका दिवसानेही माणूस बाहेर राहतो.

या छोट्याशा नोंदीचे ओझे किती मोठे होऊ शकते, हे देशाने पाहिलेले आहे. माजी लष्करप्रमुख जनरल वि. कु. सिंह यांच्या जन्मवर्षाचा वाद, १९५० की १९५१ हा, कोवळ्या वयात प्रबोधिनीसाठी भरलेल्या अर्जातील नोंदीपासून सुरू झाला आणि ते लष्करप्रमुख असताना, २०१२ साली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. अखेर त्यांनी याचिका मागे घेतली. त्या वादाच्या गुणदोषांत न शिरताही इतके म्हणता येईल की, अर्जातील एक आकडा चाळीसहून अधिक वर्षे माणसाची पाठ सोडत नाही. पालकांनी कागद पहिल्या दिवसापासून खरा ठेवावा. खरेपणाला कुठलीही सवलत मागावी लागत नाही.

वैद्यकीय माहितीबाबतही हेच सत्य. लेसिकसारखी डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर ठरावीक वय पूर्ण झाल्यावर ती केलेली असल्यास आणि त्यानंतर ठरावीक काळ उलटला असल्यास काही प्रवेशांसाठी ती चालते. जे चालते ते उघडपणे सांगावे. दडविलेली शस्त्रक्रिया पुढे उघडकीस आली, तर आजार चालून गेला असता पण खोटेपणा चालत नाही, अशी अवस्था होते.

अपवाद वारंवार घडू लागला की...

कधी कधी अपवाद मागावा लागतो तो उमेदवारातील उणिवेमुळे नव्हे, नियमातील उणिवेमुळे. अशा वेळी सवलत हे उत्तर नसते, नियम बदलणे हे उत्तर असते. खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीचे दार मुलींना बंद होते. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने मुलींना परीक्षेला बसता आले, २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी प्रबोधिनीत दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली प्रबोधिनीतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्यांना कोणी सवलत दिली नाही. पात्रतेची व्याख्याच योग्य झाली. सवलत मागणे आणि न्याय मागणे यांतील हा फरक समाजाने ओळखला पाहिजे.

वीरपत्नींच्या बाबतीत आता त्याच दिशेने पाऊल टाकण्याची वेळ आली आहे. ३५ वर्षांची मर्यादा चांगली आहे, परंतु ती आकड्यावर थांबते. चौतिसाव्या वर्षी पती गमावलेल्या स्त्रीला दुःखातून उभे राहून, मुलांची व्यवस्था लावून, निवड मंडळाची तयारी करावयास उणेपुरे वर्ष मिळते. छत्तिसाव्या वर्षी हा प्रसंग आलेल्या स्त्रीला तर अर्जच करता येत नाही. तिला मंत्र्यांचे दार ठोठावे लागते. ज्या अधिकाऱ्यांच्या हाती बटालियनचे नेतृत्व असते, ते साधारण चाळिशीच्या आसपासचे असतात. मग त्यांच्या पत्नींसाठी ही सवलत बहुधा कागदावरच राहणार, हे उघड आहे.

यावर उपाय अवघड नाहीत. वयाची गणना अर्जाच्या तारखेऐवजी पतीच्या हौतात्म्याच्या तारखेस करावी आणि त्यानंतर तयारीसाठी दोन-तीन वर्षांची मुदत द्यावी. खास सवलतीच्या विनंतीवर किती दिवसांत आणि कोणत्या पातळीवर निर्णय होईल, ते लिखित स्वरूपात जाहीर असावे. नकार दिल्यास त्याचे कारण कळवावे. होकार दिल्यास तो कोणत्या निकषावर दिला याची नोंद राहावी, म्हणजे पुढच्या अर्जदाराला तोच निकष लावता येईल. वय सोडून अन्य कोणतीही अट, विशेषतः निवड मंडळाची आणि प्रशिक्षणाची, कोणाहीसाठी सैल होणार नाही, हेही त्याच कागदावर स्पष्ट लिहावे. या एका वाक्याने सवलत घेणाऱ्याचा मान राखला जाईल.

इतरांसाठीही वाटा आहेत, त्यांची माहिती समाजात पोहोचत नाही. सैन्यात जवान म्हणून भरती झालेला, बारावी उत्तीर्ण तरुण वीस ते सत्तावीस वर्षांच्या दरम्यान डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजमार्फत अधिकारी होऊ शकतो. स्वतःचा नोकरी-व्यवसाय सांभाळणाऱ्या पदवीधराला प्रादेशिक सेनेत अधिकारी होण्याची संधी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत आहे. ज्याचे वय सरळ वाटेने गेले, त्याने सवलतीच्या आशेवर झुरत बसण्यापेक्षा या उघड्या वाटांकडे वळावे.

समाजाचे काम

डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ साली नाशिकमध्ये भोसला सैनिकी शाळा उभी केली, तेव्हा हिंदू समाजाने शस्त्राकडे फिरविलेली पाठ त्यांना बोचत होती. पारतंत्र्यात सैन्याच्या वाटेवर समाजाला नेणे हे त्यांचे स्वप्न होते. स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये देशातील पहिली सैनिक शाळा साताऱ्यात सुरू झाली, १९७७ मध्ये राज्य शासनाने मराठवाड्यात, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सेवापूर्व प्रशिक्षण संस्था स्थापन केली. दारे बांधण्याचे काम त्या पिढीने केले. त्या दारांतून योग्य माणूस योग्य मार्गाने आत जाईल हे पाहण्याचे काम या पिढीचे आहे.

त्यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. गावातील जवान हुतात्मा झाला की पहिल्या दिवशी हजारोंचा जनसमुदाय लोटतो, चौकाला नाव दिले जाते, फलक लागतात. सहा महिन्यांनी त्या घरात कोण जाते? त्या घरातील तरुण वहिनीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कोणते अर्ज मिळतात, कोणत्या महिन्यात जाहिरात येते, तिची पदवी अपुरी असेल तर ती कशी पूर्ण करता येईल, हे सांगणारा माणूस तिच्या दाराशी जातो काय? तिने सैन्यात जावयाचे ठरविले तर वर्षभर तिची मुले सांभाळण्यास सासर-माहेर पुढे येते काय, की ‘आता पुरे झाले, घरातला एक गेला ना’ असे म्हणून तिला उंबरठ्याआतच बसविले जाते? वयाची अट मंत्री शिथिल करू शकतो. घराच्या उंबरठ्याची अट मात्र घरच्यांनाच शिथिल करावी लागते.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात अशा घरांची यादी करावी. वर्षातून एकदा दिवाळीचा फराळ घेऊन जाण्यापुरता हा संबंध न ठेवता, फराळासोबत एक जाहिरात, एक अर्ज आणि मुलांच्या अभ्यासाची जबाबदारीही न्यावी. हुतात्म्याच्या पत्नीला समाजाच्या दयेची अपेक्षा नसते. तिला हवी असते ती स्वतःला सिद्ध करण्याची एक संधी, आणि ती संधी मागताना कोणापुढे हात पसरावे लागू नयेत, एवढी व्यवस्था. राष्ट्राने तिच्याकडून जे घेतले आहे, त्याच्या तुलनेत ही मागणी फारच लहान आहे.